चित्रातली अक्षरं दिसत नाहीत, तर फॉर्म पूर्ण करायचा कसा?

गोव्यातल्या साखळीहून एका भावाचा प्रश्न आला आहे. धाकटी बहीण पूर्ण दृष्टिहीन, यंदा बारावी झाली. लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, सफाईने चालवते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करते. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म स्वतः भरते, पण शेवटी 'चित्रातली अक्षरं लिहा' आलं की गाडं अडतं. घरी कुणी नसलं तर शेजारच्या काकींना बोलवावं लागतं. त्या हात पुसून येईपर्यंत पानाची वेळ संपते आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. यावर काही उपाय आहे का, की हे असंच चालायचं?

उपाय आहेत, आणि एकाहून जास्त आहेत. मात्र समोर कुठल्या जातीचा कॅप्चा (या 'अक्षरं लिहा' छापाच्या परीक्षेचं नाव) आला आहे त्यावर कुठला उपाय लागू पडेल ते ठरतं. ती जात पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत नुसत्या कानाने ओळखता आली की निम्मं काम झालं. मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि सतरा वर्षं फोंड्यात संगणक शिकवते आहे. वर्गात येणारी हुशार मुलंसुद्धा अडकली की तेच बटन पुन्हा पुन्हा दाबत राहतात आणि अर्ध्या तासाने लॅपटॉप मिटून टाकतात. त्यांना कुणी जाती ओळखायला शिकवलेलं नसतं.

आधी बहिणीला एवढं सांगा की यात तिचं काही चुकत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचं जगभरचं सर्वेक्षण करणाऱ्या वेबएमच्या २०२४च्या यादीत सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणून कॅप्चाच पहिला होता. कॅप्चा हे नाव २००३ साली लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं. माणूस कोण आणि यंत्र कोण हे आपोआप ओळखणारी परीक्षा, असा त्याचा अर्थ. पण त्या परीक्षेत डोळे वापरावेच लागणार असतील, तर डोळे नसलेला माणूस यंत्रांच्या रांगेत जाऊन बसतो. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने हा धोका २००५ सालीच लिहून ठेवला होता.

आता जाती बघू. तिला सतावतो तो सगळ्यांत जुना: वेड्यावाकड्या पाच-सहा अक्षरांचं चित्र. एनव्हीडीए तिथे 'ग्राफिक' एवढंच म्हणतं किंवा 'कॅप्चा इमेज' म्हणून पुढे जातं. इथे हाक मारायच्या आधी खालच्या बाणाने आजूबाजूच्या आठ-दहा ओळी ऐकाव्यात. कधी कधी जे चित्र वाटतं तो साधा मजकूर असतो आणि बाणाने एकेक अक्षर सरळ वाचता येतो. कधी 'सात अधिक चार किती' असं लिहिलेलं असतं. आणि पुष्कळदा चित्राच्या शेजारी नाव नसलेली दोन बटनं असतात. एनव्हीडीए दोन्हीला नुसतं 'बटन' म्हणतं. त्यातलं एक चित्र बदलण्याचं आणि दुसरं अक्षरं बोलून दाखवण्याचं असतं. माझ्या एका विद्यार्थ्याने पेडण्याहून अडीच महिने एका कार्यालयाच्या पोर्टलसाठी दर वेळी भावाला सोबत बसवलं. आवाजाचं बटन त्या पानावर पहिल्या दिवसापासून होतं. ते बनवणाऱ्याने त्याला नाव दिलं नव्हतं, म्हणून ते कुणाला सापडलं नाही.

आवाजाचं बटन नसेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय, वापरून बघावं. विंडोज १० किंवा पुढची आवृत्ती असेल तर एनव्हीडीएमध्ये ही सोय आधीपासून आहे. 'जी' हे इंग्रजी अक्षर दाबत चित्रावर जायचं, मग एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) धरून 'आर' दाबायचं. ओळखलेला मजकूर बाणांनी वाचता येतो, एस्केपने परत पानावर येता येतं. मात्र आधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या कुणी सांगत नाही म्हणून मुली 'हे चालतच नाही' असं म्हणतात. पहिली, स्क्रीन कर्टन, म्हणजे पडदा काळा ठेवण्याची सोय, चालू असेल तर ओसीआर चालत नाही; आपल्यापैकी बरेच जण बॅटरी वाचवायला किंवा कुणी डोकावू नये म्हणून पडदा कायम पाडून ठेवतात. दुसरी, चित्र खरोखर पडद्यावर आलेलं हवं, वर-खाली सरकून गेलेलं नको. तिसरी, एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ओसीआरची भाषा इंग्रजी निवडलेली हवी. शिवाय कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान दीडशे-दोनशे टक्के मोठं केलं की बारीक चित्रं जास्त बरी ओळखली जातात. उत्तर आलं की उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐकावं. मोठ्या लिपीतलं अक्षर आलं की एनव्हीडीए आवाज चढवतं. तो फरक पटकन कळत नसेल तर बोलण्याच्या सेटिंगमध्ये कॅपिटलच्या आधी 'कॅप' म्हणण्याची सोय आहे. तरीही शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळ होतोच. अशी अक्षरं असलेलं चित्र आलं तर त्याच्याशी झुंजत बसू नये, बदलून घ्यावं. अक्षरांवरून रेघा मारलेल्या असतील तर ओसीआर हात टेकतं. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा करू नका, पुढच्या मार्गाला लागा.

दुसरी जात 'मी यंत्रमानव नाही' या चेकबॉक्सची, गूगलने २०१४च्या डिसेंबरात आणलेली. एक्स दाबून तिथे पोचायचं, स्पेस दाबायची आणि हात काढून चार-पाच सेकंद थांबायचं. हे थांबणं माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यांत जड जातं. 'चेक्ड' ऐकू आलं की काम झालं. हा प्रकार तुमच्या ब्राउझरचा इतिहास, कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी), नेटवर्क यांवरून अंदाज बांधतो. म्हणून प्रायव्हेट विंडो, व्हीपीएन (आपला नेटवरचा पत्ता लपवणारी सोय) किंवा प्रत्येक वेळी कुकीज पुसण्याची सवय इथे नडते. रोजचा ब्राउझर, गूगल खात्यात लॉगिन केलेलं, घरचं नेट, एवढ्यावर बरेचदा पुढची परीक्षा येतच नाही. सायबर कॅफेत किंवा एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक असलेल्या मोबाइल नेटवर मात्र जास्त वेळा अडवलं जातं. आणि लक्षात ठेवा, ती खूण दोनच मिनिटं टिकते. म्हणून आधी सगळा फॉर्म भरायचा, एकदा वाचून घ्यायचा, खूण सर्वांत शेवटी आणि लगेच सबमिट.

चेकबॉक्सने समाधान झालं नाही तर 'बस असलेले चौकोन निवडा' येतं. ते ऐकायचंही कारण नाही. टॅब दाबत 'गेट ॲन ऑडिओ चॅलेंज' या बटनावर जायचं. आता इथे जरा थांबते, कारण खरी लढाई याच जागी होते.

२०१० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅप्चा माणसांना कितपत सुटतात ते मोजलं. चित्राला सरासरी ९.८ सेकंद लागले, आवाजाला २८.४. एकच आवाज तीन जणांना ऐकवला, तर तिघांची उत्तरं जुळली ती फक्त ३१ टक्के वेळा. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री बिगम आणि ॲना कॅव्हेंडर यांनी दृष्टिहीनांबरोबर असाच अभ्यास केला होता. पहिल्या प्रयत्नात उत्तर बरोबर आलं ते ४३ टक्के वेळा. त्यांनी शोधून काढलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं, कारण ते मी रोज वर्गात ऐकते. आवाज सुरू करायचं बटन एकीकडे, उत्तर लिहायची जागा दुसरीकडे. बटन दाबून तिथे पोचेपर्यंत स्क्रीन रीडर 'एडिट, ब्लँक' असं बोलत राहतो आणि नेमके पहिले दोन शब्द त्याखाली गाडले जातात. त्यांनी आवाजाची बटनं उत्तराच्या रकान्यातच आणून दिली, आणि सुटण्याचं प्रमाण ५९ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे कान तेच आणि आवाजही तोच, फक्त मांडणी बदलली होती.

सगळ्या साइट्सची मांडणी आपल्या हातात नाही, पण स्क्रीन रीडरला गप्प करणं आहे. हेडफोन लावा. एनव्हीडीए आणि शिफ्ट धरून डी दाबत 'नो डकिंग' निवडा, नाहीतर एनव्हीडीए बोलू लागलं की कॅप्चाचा आवाज बारीक होतो. टाइप केलेली अक्षरं बोलून दाखवणं एनव्हीडीए आणि २ ने, शब्द बोलणं एनव्हीडीए आणि ३ ने बंद करा. बटन दाबल्यावर बडबड सुरू झालीच तर कंट्रोल दाबा, ते तत्काळ थांबतं. पहिल्यांदा नुसतं ऐका, लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकताना लिहा. याने माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा प्रश्न मिटतो. बाकीच्यांसाठी तिथेच आवाजाची फाइल डाउनलोड करायचा दुवा असतो. ती साध्या प्लेअरमध्ये मागे-पुढे करून, वेग कमी करून ऐकता येते.

उरतो भाषेचा प्रश्न, आणि तो आपल्याकडे मोठा आहे. हे आवाज बहुतेक वेळा इंग्रजीत, तेही अमेरिकन उच्चारांत आणि खरखरीच्या आड असतात. सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकून आलेल्या मुलीला ती परीक्षा तिच्या माणूसपणाची न राहता इंग्रजी श्रवणाची होते. बहिणीचं इंग्रजी चांगलं असलं तरी असली खरखर ऐकायचा सराव लागतो. गूगलच्या त्या चेकबॉक्सवाल्या कॅप्चाचं, म्हणजे रीकॅप्चाचं, एक नमुना पान आहे, तिथे काही भरायचं नसतं, नुसता सराव करता येतो. आणि 'तुमच्या नेटवर्ककडून स्वयंचलित विनंत्या येत आहेत, नंतर प्रयत्न करा' असा संदेश आला, तर तो तिचा दोष समजू नये. थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या नेटवरून पुन्हा करावं. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात, त्यांच्यासाठी मात्र आवाज म्हणजे दुसरं बंद दार. या माणसांचा विचार करून बनवलेला कॅप्चा मला अजून क्वचितच भेटला आहे.

तिसरा एक प्रकार एचकॅप्चा नावाच्या सेवेचा. त्यांच्याकडे दिव्यांग वापरकर्त्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. ईमेल दिला की दुवा येतो, त्यावरून ब्राउझरमध्ये एक कुकी बसते आणि चित्रांची परीक्षा टळते. ती कुकी काही काळाने संपते, आणि ब्राउझरने बाहेरच्या कुकीज अडवलेल्या असतील तर चालत नाही. तिच्याकडे आयफोन असेल तर आयओएस १६पासून, म्हणजे २०२२पासून, 'ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन' नावाची सोय सेटिंगमध्ये आहे. ज्या साइट्स ती मानतात तिथे फोनच तुमच्या वतीने हमी देतो. क्लाउडफ्लेअर कंपनीचं टर्नस्टाइल, हा कॅप्चाला पर्यायच, तेही २०२२चंच. तिथे बहुधा काही करावंच लागत नाही, फक्त थांबावं लागतं. ज्या सेवेचा फॉर्म भरायचा तिचं मोबाइल ॲप असेल तर तेही उघडून बघा. वेबसाइटवर कॅप्चा असूनही ॲपमध्ये नुसत्या ओटीपीवर काम झाल्याचा माझा अनुभव आहे.

तुकडा सरकवून कोड्यात बसवायचा किंवा चित्र फिरवून सरळ करायचं, असं काही आलं आणि शेजारी दुसरा पर्याय नसेल, तर त्यावर वेळ घालवू नका. तिथे मदतच घ्यावी लागते.

ब्राउझरमध्ये बसणारी बस्टरसारखी विस्तारणी (एक्स्टेन्शन) आवाजाचा कॅप्चा ऐकून स्वतःच उत्तर लिहिते. काही जणांना ती फार उपयोगी पडते. मी ती बँक आणि सरकारी कामासाठी वापरू नका असं सांगते, कारण पान वाचायची परवानगी तिसऱ्याला द्यावी लागते. पैसे घेऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवांपासून तर लांबच राहा. आणि फोनवरच्या एआय सहायकाला चित्र दाखवलं तर ते कॅप्चा म्हटल्यावर बरेचदा नकार देतात, त्यावर विसंबून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

आता मदतीबद्दल. परीक्षेला लेखनिक घेणं आपल्याला परकं नाही. लेखनिक काय करतो? सांगितलं तेवढं लिहितो, स्वतःचं डोकं चालवत नाही, पेपर घरी नेत नाही. काकींनाही त्याच नात्याने बोलवा. त्यांनी फक्त ती पाच अक्षरं मोठ्याने वाचायची, कीबोर्ड बहिणीच्याच हाताखाली राहील. पासवर्ड, ओटीपी, बँकेचा क्रमांक त्या येण्याआधी भरून झालेला असावा. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर गृहस्थांनी म्हापशात एका दुकानदाराकडून फॉर्म भरून घेतला, कॅप्चासोबत त्याला पासवर्डही सांगून टाकला, आणि पुढे वर्षभर त्या माणसाला विचारल्याशिवाय त्यांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, कारण त्याने मोबाइल क्रमांक आपला घातला होता. पैसे गेले नाहीत, पण खातं त्यांचं राहिलं नव्हतं. घरी कुणीच नसेल तर डेन्मार्कहून २०१५ साली सुरू झालेलं बी माय आइज हे ॲप आहे. कॅमेरा पडद्यावर धरला की कुठला तरी स्वयंसेवक अक्षरं वाचून दाखवतो. तिथेही कॅमेरा कॅप्चाच्या चौकटीपुरताच दाखवायचा, आणि पान एवढं मोठं करून ठेवायचं की तिचं नाव-पत्ता त्यात येणारच नाही.

मदत मागणं कमीपणाचं नाही. पण दर महिन्याला त्याच पानासाठी मदत मागावी लागत असेल तर तक्रार करायलाच हवी, आणि ती हक्काने. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६चा, त्याचं कलम ४२ माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं याबद्दल आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता न्यायालयात गेले होते; केवायसी करताना 'कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा' ही अट त्यांना पुरी करता येत नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि सरकारला २० निर्देश दिले. डोळे मिचकावणं आणि कॅप्चा ही एकाच कुळातली भावंडं आहेत, म्हणून तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

तक्रार मोघम नको. 'तुमची साइट चालत नाही' असं लिहिलं की 'आमच्याकडे चालते' असं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. तारीख आणि वेळ, पानाचा पत्ता, ब्राउझर, स्क्रीन रीडरचं नाव आणि आवृत्ती, आणि त्या जागी एनव्हीडीए नेमकं काय बोललं ते शब्द जसेच्या तसे. 'चित्राजवळ दोन बटनं आहेत, दोन्हींना नाव नाही' असं वाक्य वाचलं की पलीकडच्या प्रोग्रॅमरला काय दुरुस्त करायचं ते कळतं. आधी त्या कार्यालयाला ईमेल, महिन्याभरात काही झालं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. मी असे अकरा अर्ज मुलांकडून लिहून घेतले, चार ठिकाणी बटनांना नावं मिळाली. बाकीची पत्रं अजून चालू आहेत. पणजीत २०२३च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हा दिव्यांगांसाठी रॅम्प, खुणांची भाषा, समुद्रकिनारे यांबद्दल खूप बोललं गेलं. एक न वाचता येणारं चित्र हीसुद्धा रॅम्प नसलेली पायरीच आहे, हे तितक्याच जोराने बोललं जायला हवं.

गोव्यात वेबसाइट बनवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही चार शब्द. तुमच्या फॉर्ममध्ये ओटीपी आहे, मग कॅप्चा कशाला? वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानदंडात २००८पासून सांगितलं आहे की कॅप्चा ठेवायचाच असेल तर दुसऱ्या इंद्रियाला पर्याय हवा, आणि ती अगदी तळाच्या 'ए' पातळीची अट आहे. शिवाय ज्यासाठी हा खटाटोप, तो उद्देश तरी साधतो का? २०१७ साली मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी फुकट मिळणारी वाणी ओळखणारी सेवा वापरून रीकॅप्चाचा आवाज ८५ टक्के वेळा यंत्राकडून सोडवून दाखवला. माणूस अडतो आणि यंत्र आत जातं. त्यापेक्षा एका पत्त्यावरून किती वेळा प्रयत्न करू द्यायचे ते सर्व्हरवर ठरवा, किंवा एक लपवलेला रकाना ठेवा जो फक्त यंत्रच भरेल. पण तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवा, हे हात जोडून सांगते. डोळ्यांना न दिसणारा पण कानांना ऐकू येणारा तो रकाना माझ्या एका विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे भरला, आणि तिचा अर्ज सलग तीन वेळा यंत्राचा समजून फेकला गेला. अर्ज नाकारल्याचं कारणही कुठे लिहिलं नव्हतं. आणि वेळ संपायच्या आधी सूचना द्या, ती वाढवून घ्यायचं बटन द्या.

बहिणीपुरतं सांगायचं तर सुरुवात ओसीआरपासून करा. पडदा, चित्राची जागा, भाषा या तीन गोष्टी आजच तपासा. मग आठवडाभर रोज दहा मिनिटं त्या नमुना पानावर आवाजाचा सराव, शेवटची तारीख डोक्यावर नसताना. अर्जाची मुदत संपायच्या चार दिवस आधी फॉर्म उघडायची सवय लावा. जूनच्या पावसात तुमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही जातात. आणि ज्या पानावर ती नेहमी अडते तिथे एनव्हीडीए काय काय बोलतं ते शब्दशः लिहून पाठवा. कुठल्या जातीचा कॅप्चा आहे ते त्यावरून मी सांगेन, आणि तक्रारीचा मसुदाही आपण तिच्याच नावाने बनवू.